तीन राज्यांच्या शिवेवर जुन्या गाडीची राखण

कोहिनूर हे बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातलं, कलबुर्गीच्या शिवेजवळचं होबळीचं गाव. इथून पश्चिमेला आळंद ओलांडलं की अक्कलकोट, म्हणजे सोलापूर जिल्हा. वायव्येला उमरगा, म्हणजे धाराशिव. पूर्वेला हुमनाबादच्या पुढे जहिराबाद, तिथून तेलंगणा. पुणे-हैदराबाद महामार्ग, जुना नऊ नंबर आणि आताचा पासष्ट, याच तालुक्यातून जातो. मध्यरात्री आखाड्यावरून उचललेली गाडी उजाडायच्या आत दुसऱ्या राज्यात पोचते आणि केए ५६ ची पाटी काढून तिच्यावर एमएच १३ ची लावायला पाच मिनिटंही लागत नाहीत. म्हणून या पट्ट्यात जुनी गाडी राखायची तर कुलपाचा विचार अपुरा पडतो. गाडी कुणाची, कोणती, कशावरून ओळखायची, हे तीन राज्यांत कुठेही सिद्ध करता आलं पाहिजे. मला तर हे दुसरं काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि बहुतेक मालक नेमकं तेच टाळतात.

जुनी गाडी म्हणजे इथे काय, हेही सांगायला हवं. अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात ती गाडी कॅलिफोर्नियात १९३०-४० च्या दशकांत जन्माला आली. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडणारं व्ही-८ इंजिन आणलं. तरुण पोरांनी अशा जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, बॉनेट काढून वजन उतरवलं, इंजिनात ताकद भरली आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर त्या पळवल्या. या छंदाचं ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे ती फोर्ड नाही, पण ती हौस पुरेपूर आहे. लष्करातून लिलावात निघालेली विलीज जीप, महिंद्राची पेट्रोल जीप आणि तिच्यात नंतर बसवलेलं डिझेल इंजिन, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली जावा आणि येझदी, १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १००, वाड्याच्या देवडीत उभी अँबॅसिडर, आणि प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी काढणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी करणारे वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे, इथल्या लोकांच्या अगदी शेजारचे. आरएक्सचं वेड तर कर्नाटकात इतकं आहे की चांगल्या अवस्थेतल्या गाडीला आज लाखाच्या वर मागणी येते. आयडियल जावाचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, त्यामुळे येझदीच्या अस्सल टाकीला, हेडलाइटला, इंजिनच्या केसिंगलाही गिऱ्हाईक असतं. चोराला पूर्ण गाडी विकायची गरजच उरत नाही.

या गाड्या चोरायला सोप्या का, याचं उत्तर त्यांच्या घडणीत आहे. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीत एक चिप असते, ती गाडीतल्या संगणकाला ओळख पटवते, आणि ओळख पटली नाही तर इंजिन चालू होत नाही. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींतही हे असतं. जुन्या गाडीत किल्ली म्हणजे केवळ एक बटण. बॅटरीतून कॉइलकडे जाणारा करंट जोडायचा किंवा तोडायचा, एवढंच तिचं काम. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तर पुढे पुढे किल्लीही नव्हती, नुसता फिरवायचा खटका होता, कारण रणांगणावर किल्ली हरवली तर जीप अडकून पडेल. स्टार्टर पायाने दाबायचा. जुन्या जावाची किल्ली खिळ्यासारखी साधी असते, एकीची दुसरीला चालते, हे त्या काळच्या प्रत्येक जावावाल्याला माहीत आहे. त्यावर गाडीत केलेले बदल. कारखान्यातून आलेल्या १९३२ च्या फोर्डला स्टिअरिंगच्या दांड्यावरच कुलूप होतं, पण हॉट रॉडवाल्यांनी दांडा बदलला की ते कुलूपही जायचं. आपल्या जीपचंही तसंच होतं. डॅशबोर्ड नवा, वायरिंग नवं, बाजारातलं साधं बटण, आणि हँडल लॉक कधी तुटला हे कुणाच्या लक्षातही नसतं.

पण हाच साधेपणा मालकाच्याही हाती हत्यार देतो. संगणक नसलेल्या इंजिनाला बंद पाडायला एक लहानसा भाग काढला तरी पुरतो. १९४० मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक उतरण्याची भीती होती, तेव्हा ब्रिटनमध्ये रस्त्यावर सोडलेली मोटार निकामी करून ठेवणं मालकांना बंधनकारक केलं होतं. त्यासाठी लोक डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात घालत. पेट्रोल जीप, पद्मिनी, पेट्रोल अँबॅसिडर या सगळ्यांत हे आजही करता येतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी दोन स्प्रिंगच्या क्लिपांनी बसलेली असते. क्लिपा सोडायच्या, टोपी उचलायची, आतला रोटर वर ओढून काढायचा, टोपी परत बसवायची. आता कॉइलचा करंट टोपीच्या मधोमध येऊन थांबतो, प्लगांपर्यंत जात नाही. स्टार्टर फिरेल, आवाज येईल, पण इंजिन धरणार नाही. आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीसाठी यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचा उपाय मला माहीत नाही. मात्र रोटर जिथे ठेवाल ती जागा घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवी. अडीअडचणीला गाडी काढायची वेळ मालक घरी नसतानाच येते.

रोज फिरणाऱ्या गाडीला चोर स्विच. कॉइलला जाणाऱ्या वायरीत एक लपवलेलं बटण, बस. ते डॅशबोर्डच्या खाली लावू नका, चोराचा हात आधी तिथेच जातो. सीटच्या चौकटीत, मागच्या आसनाखाली किंवा जुन्याच एखाद्या बंद बटणाच्या जागी लावलं तर गाडीचं मूळ रूपही बिघडत नाही. वायर मात्र हलकी वापरू नये आणि फ्यूज विसरू नये. चाळीस वर्षांच्या वायरिंगला दिलेला कच्चा जोड चोरीपेक्षा आगीचं कारण आधी बनतो. ज्या मेस्त्रीने बटण बसवलं त्याने ते इतर गिऱ्हाइकांना दाखवू नये, हे त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगावं. डिझेल जीपला स्पार्कच नसतो, तिथे हा उपाय लागू पडत नाही. तिच्या डिझेलच्या नळीत आडोशाला एक तोटी बसवतात. तोटी बंद असली तरी नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन चालू होतं आणि थोडं अंतर जाऊन थांबतं. तोवर नळीत हवा शिरलेली असते, आणि ती काढल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू होत नाही. रस्त्यात मधेच अडलेली गाडी चोर सहसा सोडून जातो. आरएक्ससारख्या दुचाकीचं इग्निशन बॅटरीवर अवलंबून नसतं, त्यामुळे बॅटरी काढून ठेवण्याने ती अडत नाही. तिथे साखळीच हवी.

साखळीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त विश्वास इथेच वाया जातो. प्लॅस्टिकच्या आवरणातली तारेची दोरी तर राखणीच्या कामाचीच नाही, साध्या कटरने ती क्षणात तुटते. कडक पोलादाची जाड साखळी घ्यावी आणि ती चाकाच्या आऱ्यांतून न घालता चौकटीतून घालावी, नाहीतर चोर चाक तिथेच ठेवून बाकीची गाडी नेतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साखळी आणि कुलूप जमिनीला टेकता कामा नयेत. टेकले तर कटरचा एक दांडा जमिनीवर रोवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो, आणि हातांनी न तुटणारी कडी वजनाने तुटते. जमिनीवर ठेवलेलं कुलूप घणानेही फुटतं. साखळी ताठ, कंबरेएवढ्या उंचीवर, भिंतीतल्या किंवा काँक्रीटमध्ये पुरलेल्या कड्याला बांधली की चोराला दोन्ही हात हवेत ठेवून काम करावं लागतं. वाड्याच्या दगडी भिंतीत जनावरं बांधायच्या जुन्या कड्या असतात, त्यांतली एखादी घट्ट असेल तर तीच वापरा. मोटारीचं भय वेगळं. जीप हलकी असते, चार माणसं ती ढकलत छोट्या टेम्पोवर चढवू शकतात. तिला चाकाचं लॉक हवं. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल तर एक पुढचं चाक काढून ती ठोकळ्यावर उभी करावी. टायरही वाचतो.

जीपीएस ट्रॅकर आता स्वस्तात मिळतो आणि लोक तो लावून निश्चिंत होतात. जुन्या गाडीत त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली विजेची. जुनी जावा-येझदी आणि युद्धकाळातली विलीज सहा व्होल्टवर चालते, काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं असतं. बाजारातले बहुतेक ट्रॅकर बारा व्होल्टच्या, निगेटिव्ह जमिनीला असलेल्या गाडीसाठी बनतात, ते थेट जोडले तर जळू शकतात. अशा गाडीत स्वतःची चार्ज होणारी बॅटरी असलेला ट्रॅकर लावावा. दुसरी अडचण उभ्या गाडीची. ट्रॅकर थोडाथोडा करंट सतत खातो आणि महिनाभर न हललेल्या गाडीची बॅटरी उतरवतो, मग ट्रॅकरही झोपतो. फोनशी बोलणारे ब्लूटूथचे छोटे टॅग शहरात उपयोगी पडतात, कारण तिथे आसपास शेकडो फोन असतात. तुरीच्या रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा संदेश उचलायला कुणी नसतं.

चोरी नेहमी घरातूनच होते असंही नाही. आठवडी बाजार, गाणगापूरची पौर्णिमा, तुळजापूरला पायी निघालेल्यांच्या मागे धावणाऱ्या गाड्या, लग्नाच्या वरातीसाठी मागून नेलेली सजवलेली जीप. गर्दीत एकाच रंगाच्या दहा फटफटी उभ्या असतात, आणि कुणी त्यातली एक सरळ ढकलत नेली तर ती त्याचीच असावी असं पाहणाऱ्याला वाटतं. विक्रीसाठी ठेवलेली गाडी पाहायला आलेला ‘गिऱ्हाईक’ एक फेरी मारून येतो म्हणतो, तेव्हा मागे आपला माणूस बसवा. आणि गाडीचे फोटो समाजमाध्यमांवर टाकताना पाटी, घराचं दार, गल्लीचं नाव दिसू देऊ नका. आपल्या जीपचं कौतुक जगाने करावं असं प्रत्येकाला वाटतं, मलाही ते अगदी समजतं. पण ती रात्री कुठे उभी राहते हे जगाला कळायचं कारण नाही.

एक काळ मात्र कुणी धोक्याचा मानत नाही, तो म्हणजे दुरुस्तीचा. जुनी गाडी उघडली की इंजिन बोअरिंगला एका गावी, टाकी रंगाऱ्याकडे दुसऱ्या गावी, चेसिस मेस्त्रीच्या शेडबाहेर. असे महिने जातात. याच काळात भाग बदलतात, हरवतात, कधी अख्खं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत बसतं, आणि त्यात कुणाची वाईट नियत असेलच असंही नाही. प्रत्येक भाग देताना इंजिन नंबरसकट चिठ्ठी घ्या, फोटो काढा, आणि आरसी कधीही गॅरेजवर ठेवू नका. बसवकल्याण जुन्या ट्रकांच्या व्यवहारासाठी दूरवर ओळखलं जातं, तिथल्या जाणत्या दुकानदाराला कागद न पाहता सुटा भाग घेण्याचा धोका चांगला माहीत आहे. विकत घेणाऱ्यालाही तो माहीत हवा. स्वस्तात आलेली येझदीची टाकी कुणाच्या तरी अंगणातून गेलेली असू शकते.

आता ओळखीकडे येऊ. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर हीच गाडीची कायद्यातली ओळख. दुचाकीत चेसिस नंबर बहुधा हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. आरटीओच्या कामात त्याचा पेन्सिलने कागदावर छाप घेतात, तसा छाप स्वतःही घेऊन ठेवावा. ठोक्याच्या अक्षरांची ठेवण, त्यातला एखादा तिरका आकडा, हे छापात जसं उतरतं तसं नुसत्या लिहिलेल्या नंबरात उतरत नाही. चोर नंबर कानशीने घासून टाकतो, पण त्याने तो पूर्ण पुसला जात नाही. ठोकताना पृष्ठभागाखालची धातूही दबलेली असते, आणि दबलेली धातू आम्लाच्या द्रावणात आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने विरघळते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तांब्याचा क्षार आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण लावून घासलेले आकडे असे पुन्हा दिसू लागतात. पण त्या आकड्यांशी जुळवायला मालकाकडे पक्का पुरावा हवा. नंबराबरोबर स्वतःच्या खुणाही ठेवा. टाकीच्या तळाला, सीटच्या पत्र्याच्या आत, डॅशबोर्डच्या मागे बारीक खूण कोरा, दाराच्या अस्तरात नाव लिहिलेली चिठ्ठी सरकवा. जुने वेल्डिंग, कारखान्याबाहेर पाडलेलं भोक, पोचा, या सगळ्यांचे जवळून फोटो काढा.

बदल केलेल्या गाडीचा खरा घात इथे होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर चढवावा लागतो. किती जीपांवर तो चढलेला असतो? पेट्रोल काढून डिझेल बसवलं आणि कागदावर जुनंच इंजिन राहिलं, तर ती जीप चोरीला जाऊन सोलापूर जिल्ह्यात सापडली तरी तिचा नंबर तक्रारीतल्या नंबराशी जुळत नाही. मालक समोर उभा असतो, गाडी समोर उभी असते, आणि कागद म्हणतो ही ती नव्हे. विमा कंपनीलाही हात वर करायला हे कारण पुरतं. हौस करायची तर कागदासकट करावी, असं मी अगदी आग्रहाने म्हणेन.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम आणले. मूळ रूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. म्हणजे १९७० च्या आधीची अस्सल जावा इथे बसते, डिझेल घातलेली विलीज बसत नाही. तिला साध्या नोंदणीचंच नूतनीकरण दर पाच वर्षांनी करत राहावं लागतं. ते चुकवू नका. हस्तलिखित रजिस्टरमधल्या अनेक जुन्या नोंदी संगणकावर आल्याच नाहीत, आणि ‘वाहन’ प्रणालीत नसलेली गाडी चोरीला गेल्यावर शोधणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. आरटीओत जाऊन आपली नोंद संगणकावर दिसते का, हे आजच पाहून घ्यावं. उच्च सुरक्षा पाटीही बसवून घ्या. क्रोमियमचं अशोकचक्राचं होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसल्यावर तोडल्याशिवाय न निघणारा खिळा, यामुळे पाटी बदलणं निदान उघडं पडतं.

शेजारच्या राज्यातून गाडी घेताना हीच काळजी उलट्या बाजूने घ्यावी. उमरग्याची आरएक्स कोहिनूरला आणायची तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हवंच, आणि बारा महिन्यांच्या आत नव्या राज्यात नोंदणी करावी लागते. पैसे देण्याआधी एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर तो चेसिस नंबर चोरीच्या यादीत आहे का ते पाहता येतं. मराठी गावांतून बरेच व्यवहार शब्दावर चालतात, पाहुण्यांच्या ओळखीवर चालतात. शब्द मोडणारा नसेलही, पण त्याने ज्याच्याकडून घेतली त्याची खात्री तो देऊ शकत नाही.

विम्याचं थोडक्यात. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांवर बहुधा तोच एक असतो. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून सर्वंकष विमा घेताना फोटो, खर्चाच्या पावत्या आणि जाणकाराचं मूल्यांकन जोडून योग्य किंमत मागावी. नाहीतर दोन लाखांच्या जीपवर वीस हजारांचा विमा उरतो.

आणि तरीही गेलीच, तर पहिला तास मोलाचा. ११२ वर फोन, लगेच पोलिसांत तक्रार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. हुमनाबादच्या बाजारातून गेली आणि तुम्ही उमरग्यात असाल तरी तिथेच नोंदवा. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पोलिसांकडे तक्रार तातडीने झाली असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, पण त्या वादात पडायची वेळच येऊ देऊ नये. एफआयआर कन्नडमध्ये असेल तर तिचं मराठी आणि इंग्रजी भाषांतर करून ठेवा. गाडी महाराष्ट्रात सापडली तर तिथल्या ठाण्यात ते दाखवावं लागतं. तक्रारीत नंबराइतक्याच ठळकपणे आपल्या गुप्त खुणाही नोंदवून घ्या.

सापडलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात महिनोन्‌महिने पावसात गंजते, हे दृश्य प्रत्येक तालुक्यात दिसतं, आणि चोरीनंतरचं हे दुसरं नुकसान मला पहिल्याइतकंच सलतं. ते सोसायची गरज नाही. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू देऊ नयेत. पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन ती मालकाला सोपवावीत. त्यासाठी संबंधित न्यायालयात सुपुर्दनाम्याचा अर्ज करायचा असतो, सोबत आरसी, विमा आणि एफआयआरची प्रत. ताबा घेताना इंजिन आणि चेसिस नंबर आपल्या पेन्सिल-छापाशी ताडून पाहा, कार्बोरेटर, डायनॅमो, टाकी मूळचीच आहे का बघा, आणि काही बदललं असेल तर सही करण्याआधी ते पंचनाम्यात लिहून घ्या. घरी आणल्यावर सगळी कुलपं बदलायची आणि चोर स्विचची जागाही, कारण एकदा ती जागा सापडलेला माणूस अजून बाहेर असू शकतो.